वाईट चेंडूवर उठणारा हात

मावशी सत्तावीस वर्षं एका उजळलेल्या काचेसमोर बसली. काचेमागे पांढरा दिवा, पुढे पट्टा. पट्ट्यावरून औषधाच्या रिकाम्या बाटल्या जायच्या, मिनिटाला सत्तर. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड, तिरकं बूड. खोट दिसली की तिचा उजवा हात पुढे व्हायचा, बाटली उचलायचा आणि बाजूच्या पन्हळीत सोडायचा. खाली ती फुटायची. बाकीच्या पुढे जायच्या. कारखान्यात तिला 'चाळणी' म्हणत. तिला ते आवडायचं.

ती माझी नात्याने मावशी नाही. तिच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. साहित्याची पदवी हातात होती, नोकरी नव्हती. दुपारी एका शिकवणीत मुलांचे निबंध तपासायचे. उरलेल्या वेळात भावाने मागे ठेवलेला व्हिडिओ गेम खेळायचे. त्यातला एकच खेळ धड चालायचा, बेसबॉल. आमच्या रस्त्यावर कुणी बेसबॉल खेळत नाही. खराखुरा चेंडू मीही कधी पाहिलेला नाही. तरी वर्षभर खेळत होते आणि वर्षभर हरत होते.

त्या वर्षी मावशी मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात बारीक झाला होता आणि, तिच्याच शब्दांत, झोपेतून उठवल्यासारखा चालत होता.

कारखान्याचा नियम साधा होता. हाताला इजा झालेल्याने काचेसमोर परत बसायचं तर परीक्षा द्यायची. पट्ट्यावरून तीनशे बाटल्या जाणार. त्यांत बारा खोट असलेल्या. एक सुटली तर चालेल. दोन सुटल्या तर खोकी विभाग. तिथे पुठ्ठा दुमडायचा, वर चिकटपट्टी मारायची, निवृत्तीपर्यंत. परीक्षेला सात आठवडे होते.

"खोक्यांत काय वाईट आहे?" काका म्हणाले. काका म्हणजे तिचा नवरा, निवृत्त बसचालक. "उभ्याने काम. तब्येतीला चांगलं."

"तुम्हाला शेवटची चार वर्षं कंडक्टर केलं असतं तर?"

काकांनी वर्तमानपत्र उघडलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला दाबायला स्पंजचा गोळा दिला होता. ती तो दाबायची आणि वैतागायची. "यात बघायला काही नाही," म्हणायची. बाई म्हणाल्या, मग असं काहीतरी करा की बघितल्याबरोबर हात हलेल. ते ऐकून मी माझा टीव्ही आणि गेम खाली आणला. कल्पना माझी होती. पुढे जे बिघडलं तेही माझंच.

मी नियम सांगितले. समोरचा गडी चेंडू फेकतो. पडद्यावर एक चौकट आहे. चौकटीतून येणारा चेंडू चांगला, तो मारायचा. बाहेरून जाणारा वाईट, तो सोडायचा. चांगला सोडला किंवा वाईटावर बॅट फिरवून हुकलं की एक चूक. तीन चुका झाल्या की बाद. मी सगळ्यांत सोपी पद्धत लावली होती. बॅट कुठे न्यायची ते खेळच बघणार, आपण उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं, एवढंच. पण वेळेवर.

पहिल्या दिवशी शोध लागला तो काकांना. ते खुर्चीत डोळे मिटून पडले होते.

"बटण आधी वाजतंय," ते म्हणाले. "बॅट मागून. तुमचा टीव्ही उशिरा पोचतोय."

"झोपला होतात ना तुम्ही?" मावशी म्हणाली.

"तीस वर्षं गाडीचा आवाज ऐकून काढलीत. डोळे लागत नाहीत त्याला."

ते खरं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खेळांसाठी वेगळी सोय होती. ती मी वर्षभर उघडून पाहिली नव्हती. ती लावली आणि बॅट बटणाबरोबर फिरू लागली. म्हणजे वर्षभर मी चेंडू येऊन गेल्यावर मारत होते, आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं धरून चालले होते.

"पंडितबाई, पुस्तकात नव्हतं का हे?" काकांनी विचारलं. मी हसले. माझा खेळ त्या दिवसापासून थोडा सुधारला.

मावशीचा मात्र नाही. बाद, बाद, बाद. तीन दिवस तेच. चौकटीच्या हातभर बाहेर जाणाऱ्या चेंडूवर ती बॅट फिरवायची. मधोमध आलेला सोडून द्यायची. मला वाटलं, तिला चेंडू दिसतच नाही. मी सरावाची खोली उघडली. तिथे फेकणारा एकटा असतो, गुण नसतात. म्हटलं, "मावशी, बटण दाबूच नका. नुसतं तोंडाने सांगा, चांगला की वाईट."

ती सांगू लागली. "वाईट. वाईट. चांगला. वाईट, खाली जाणार. चांगला." चेंडू फेकणाऱ्याच्या बोटांतून सुटतो न सुटतो तोच ती सांगून मोकळी. चाळीसपैकी चाळीस बरोबर. मी वेग वाढवला. पुन्हा चाळीस.

मी थक्क झाले. मला त्यातले निम्मेही ओळखता येत नव्हते.

"मग मारता का वाईट चेंडू?"

"वाईट असतो म्हणून," ती म्हणाली. आणि थांबली. बोलल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं.

मग मी पडद्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघितलं. वाईट चेंडू आला की मनगट उठायचं. चांगला आला की हात शांत पडून राहायचा. सत्तावीस वर्षं त्याला हेच शिकवलं होतं. खोट दिसली की पुढे हो. चांगल्याला हात लावू नकोस.

"बघा," काका म्हणाले. "माझ्याशी भांडते तेव्हाही हेच. चांगलं केलेलं सोडून देते, वाईट तेवढं उचलते."

"चांगलं केलेलं कधी आलंच नाही पट्ट्यावर," मावशी म्हणाली.

मला वाटलं, उत्तर सोपं आहे. हात उलटा वळवायचा. आम्ही रोज सकाळी तासभर बसू लागलो. आधी संथ चेंडू. वीस चेंडू नुसते बघायचे, वीस मारायचे. मग एकच जागा ठरवायची, छातीएवढा उंच, अंगाकडचा. तो आला तर मारायचा, नाहीतर जगबुडी झाली तरी बटण दाबायचं नाही. ती हट्टाने शिकली. मी तिला सांगितलं, या खेळात दहातले तीन साधले तर माणूस मोठा खेळाडू ठरतो.

"दहातले सात सुटलेले चालतात?" तिने विचारलं. "आमच्याकडे दोन सुटले तर साहेब वरून खाली येतो."

चौथ्या आठवड्यात तिने पहिला होम रन मारला. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. काकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग घाईने बसले. हात चांगलाच चपळ झाला होता. मी स्वतःवर खूश होते.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा तिच्या मैत्रिणीने कारखान्यातून टोपलीभर बाटल्या आणून दिल्या, चांगल्या आणि टाकाऊ मिसळून. काकांनी जेवणाच्या टेबलावर लांब मेणकापड पसरलं. कापडावर बाटल्या ओळीने उभ्या केल्या. पलीकडे उभं राहून ते कापड सावकाश ओढू लागले. मागे टेबलाचा दिवा.

"गाडी सुटतेय," ते म्हणाले. "आत सरका."

पहिल्या पाच बाटल्या गेल्या. सहावीवर मावशीचा हात झेपावला. वेगाने, न चुकता. तिने बाटली उजेडासमोर धरली.

ती चांगली होती.

सातवीला मानेपासून बुडापर्यंत तडा होता. ती तशीच पुढे गेली आणि काकांच्या पोटाला लागून थांबली. काकांनी कापड सोडलं. मावशी हातातल्या बाटलीकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांची तिची कमाई होती ती, आणि मी चार आठवड्यांत, हसत खेळत, ती उलटी करून ठेवली होती.

मी टीव्ही उचलला आणि वर गेले. गेम खोक्यात भरला. इतकी पुस्तकं वाचली होती. एकातलं एक वाक्य कामाला येईना.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मावशी दारात.

"का भरलंस?"

"मावशी, मी तुमचा हात बिघडवला."

"हात माझा आहे. तू कशी बिघडवशील?" ती पलंगावर बसली. "आपलं दोघींचं एक चुकलं. मी हाताला म्हटलं, जुनं विसर. तो बिचारा विसरला. आता पुन्हा विसर म्हणाले तर त्याला काहीच येणार नाही. इकडचाही नाही, तिकडचाही नाही. अगं, मला हात दोन आहेत."

मला कळलं नाही.

"ते बटण डाव्या बाजूला नेता येतं का?"

येत होतं. मी टीव्ही आणि गेम पुन्हा खाली नेले. काकांनी गेमचा कंट्रोलर टेबलावर चिकटपट्टीने बसवला. डाव्या अंगठ्याखाली बटण. उजव्या हातापुढे दोन वाट्या. एकीत शिवणाच्या डब्यातली शर्टाच्या गुंड्यांची रास, दुसरी रिकामी. चांगला चेंडू आला की डाव्याने मारायचा. वाईट आला की उजव्याने एक गुंडी उचलून रिकाम्या वाटीत टाकायची.

पहिले दोन दिवस घोळ झाला. गुंड्या खाली सांडायच्या, बॅट आपोआप फिरायची, काका टेबलाखाली रांगत गुंड्या गोळा करायचे. "चालक होतो मी," ते खालून म्हणायचे. "आता झाडूवाला झालो." तिसऱ्या दिवशी काहीतरी जुळलं. वाईट चेंडू, गुंडी. वाईट, गुंडी. चांगला, बॅट. तिचे दोन्ही हात एकमेकांच्या वाटेत येईनासे झाले.

आणि तिचा खेळ इतका सुधारला की मी बघतच राहिले. आजवर वाईट चेंडू सोडायचा म्हणजे हाताला आवरून धरायचं, एवढंच मला माहीत होतं. धरून ठेवलेला हात कधीतरी सुटतोच. तिने त्या हाताला काम दिलं. वाईट चेंडूला जायला जागा मिळाली, मग तो बॅटीवर येईना. मीही ती उठल्यावर तिच्या जागी बसून गुंड्या टाकून पाहिल्या. कुणी बघत नाही ना याची खात्री करून. वर्षभरात जमलं नव्हतं ते मला आठ दिवसांत जमलं, दहातले तीन.

मेणकापडावर तिने पुन्हा बाटल्या घेतल्या. उजवा हात तड्यावर गेला. बुडबुड्यावर गेला. काका वेग वाढवत गेले. शेवटी त्यांचेच हात दुखले.

परीक्षेच्या सकाळी मी आणि काका फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. आत जाताना तिने आमच्याकडे पाहिलं नाही. तीनशे बाटल्या म्हणजे चार-सव्वाचार मिनिटं. ती बाहेर आली पाऊण तासाने. काका उठून उभे राहिले. त्यांनी सकाळपासून चहाही घेतला नव्हता.

"अकरा काढल्या," ती म्हणाली.

"म्हणजे झालं," काका म्हणाले.

"झालं. पण साहेब आला होता वरून."

"का?"

तिने आधी बाकावर बसून घेतलं. मग सांगितलं. उजव्या हाताने अकरा खोट असलेल्या पन्हळीत टाकल्या. एक सुटली, कारण त्या वेळी डावा हात दुसऱ्याच कामात होता. पट्टा थांबला तेव्हा तिच्या डाव्या अंगाला दोन बाटल्या उभ्या होत्या. साहेबाने त्या उचलून उजेडात धरल्या. फिरवून पाहिल्या. चष्मा काढून पाहिल्या.

"'यांत काय खोट आहे?' म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. चांगल्या आहेत. 'मग काढल्या का?' म्हटलं, चांगल्या आहेत म्हणून."

काकांना हसू आवरेना. मला हसता येत नव्हतं. "मग?"

"मग त्याने नियमाचा कागद मागवला. दोघा-तिघांनी वाचला. सुटलेल्या मोजायच्या, असं आहे त्यात. चांगली काढली तर काय, ते लिहिलेलंच नाही. असं कुणी आजवर केलं नाही म्हणे. 'ही कुठली पद्धत?' त्याने विचारलं. मी म्हटलं, आमची दोघींची आहे. सवय सोडवू हळूहळू."

आमची दोघींची. ती हे कारखान्याच्या साहेबासमोर म्हणाली होती, जागा हातची जायची वेळ असताना. माझं नाव पुढे करून स्वतः बाजूला होणं सोपं होतं. त्या सात आठवड्यांत तिने मला एकदाही बोल लावला नाही. टोमणाही नाही, आणि टोमण्यांत तो नवरा-बायकोचा जोडा कुणाला हार जाणारा नव्हता. मी फाटकाबाहेर रडले. काकांनी रुमाल दिला आणि दुसरीकडे बघत राहिले.

सोमवारी ती काचेसमोर बसली. पहिले काही दिवस डावा हात मांडीखाली दाबून ठेवायची. महिन्याभराने मी विचारलं, अजून त्रास देतो का तो.

"उठतो कधी कधी," ती म्हणाली. "मी उठू देते, बाटलीला लागू देत नाही. पण तेवढ्यात ती बाटली नीट बघून होते. सत्तावीस वर्षांत चांगली बाटली मी बघितलीच नव्हती गं. सुंदर असते."

मग तिने मला भाजी निवडायला बसवलं. मी बसले.