एक्स-रेच्या पाकिटातली बाई

कुवेतमध्ये धुळीचं वादळ येऊन गेलं की खिडकी कितीही पुसा, चौकटीत मूठभर वाळू उरतेच. आमच्या हॉस्पिटलातल्या मराठी मंडळींचे किस्से तसेच. विषय कुठलाही निघो, गाडी सावंताच्या त्या अमेरिकन कादंबऱ्यांवर येतेच!

सावंत आमचा एक्स-रे टेक्निशियन, मूळचा कुडाळचा. नव्वदच्या दशकात शुक्रवारच्या जुन्या बाजारात त्याने एक खोकं उचललं. टीव्ही ठेवायला हवं होतं. उघडतो तर आत पन्नास-साठच्या जमान्यातल्या अमेरिकन खूनबाजीच्या कादंबऱ्या! पहिल्याच मुखपृष्ठावर सोनेरी केसांची बाई, हातात पिस्तूल, अंगावर जवळजवळ काही नाही.

सावंत हादरला. "भाऊ, ह्या बायेक घरातून भायर पडताना फकत पिस्तूलच गावला काय?"

*

दचकले सगळे, पण वाचल्याशिवाय कोणी राहिलं नाही. डॉक्टर फडक्यांच्या बायकोने त्या बाईवर देवाच्या कॅलेंडरचं कव्हर चढवलं. नेमक्या तेव्हा तिच्या आई पुण्याहून व्हिजिटवर आलेल्या. जावई तासन्‌तास पोथीत दंग पाहून त्यांना भरूनच आलं.

"जावईबापू, जरा मोठ्यानं वाचा. आमच्याही कानावर पुण्य पडू दे!"

समोरच्या पानावर टबात मडं पडलेलं! फडके घाम पुसत म्हणाले, "मग ऋषींनी न्हाणीघराचं दार उघडलं..."

"अगं बाई! आत कोण होतं?"

ती पोथी संपेपर्यंत सासूबाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं!

*

पुस्तकं सालमिया ते हवल्ली अशी कुवेतच्या वस्त्यांतल्या मराठी घरांतून फिरून परत आली, तेव्हा मी चाळून पाहिली. बायकांच्या वर्णनांची पानं कोरी करकरीत. मग मळलेली, दुमडलेली, हळदीच्या बोटांची पानं कुठली? जिथे हिरो ग्लासात बर्फ टाकून व्हिस्की ओततो ती! दारूबंदीच्या देशात माणूस कशाने चळेल, सांगता येत नाही.

*

फडक्यांची ईशा तेव्हा कॉलेजात. एकदा तिच्या हातात त्यातली कादंबरी पाहून फडके किंचाळले. पोरगी मान वर न करता म्हणाली, "चिल, बाबा. हिरो-हिरॉइन किस करतात, अँड देन नुसते डॉट्स. सो बोअरिंग!"

त्याच टिंबांनी आम्हा चाळिशीच्या बाप्यांची महिनाभर झोप उडवली होती!

*

मग नवे मुदीर आले, म्हणजे डिपार्टमेंटचे साहेब. इजिप्तचे, मिशाळ, कधी न हसणारे. पहिल्याच दिवशी हुकूम: ड्युटीवर पुस्तक दिसलं तर कॉन्ट्रॅक्ट खलास! सावंताचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. रिन्यू झालं तरच बायकोला व्हिसा. तरी पठ्ठ्या कादंबरी एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात घालून वाचायचा.

एकदा तो जेवायला गेला, आणि दुसऱ्या टेक्निशियनने नेमकं तेच पाकीट एका कुवेती आजींना गुडघ्याचा एक्स-रे म्हणून देऊन टाकलं!

"भाऊ, माझा आता काय खरा नाय," सावंत मटकन खाली बसला. "बायलेन थंय गावाक बॅगा भरून ठेवल्यान हत!"

दोन दिवसांनी काळ्या पायघोळ अबायातल्या आजी हजर. थेट मुदीरच्या केबिनमध्ये! सावंताला बोलावणं आलं. तो माझा दंड सोडेना, म्हणून मीही सोबत गेलो.

आजींनी पाकीट टेबलावर आपटलं. बाई बाहेर घसरली, पिस्तुलासकट. मुदीरच्या मिशा थरथरल्या. सावंताने डोळे मिटले.

आजी खणखणीत अमेरिकन इंग्रजीत म्हणाल्या, "ही मी अमेरिकेत कॉलेजात असतानाच वाचलीय. दुसरी नाही का?"



मुदीर उठले. दार लावून घेतलं. टेबलाचा खालचा खण उघडून त्यांनी एक्स-रेचं एक जाडजूड पाकीट काढलं, अदबीने आजींच्या हातात दिलं आणि सावंताकडे वळले.

"कॉन्ट्रॅक्ट आण, सही करतो. आणि हे यांचं वाचून झालं की तुझा नंबर!"