मामाच्या आधी माही कात्री

चहा घ्या, टोस्ट घ्या, पण एक आधीच सांगून ठेवतो. मधात हसायचं नाही. हसले तं मी अर्ध्यात उठून जाईन. माणसाच्या हातून चुका होतात हो, पण माह्या हातून जे झालं त्याले चूक म्हणावं का अजून काही, ते तुम्हीच ठरवा.

दारव्ह्यात माहं टायर-पंक्चरचं दुकान हाय. घरी माही माय, बायको वैशाली अन् अडीच वर्षांची लेक पिहू. आता लेकराचं जावळ लोक वर्ष-दीड वर्षात काढून मोकळे होतात. पिहूचं राहून गेलतं. काहून? तं मामा! आमच्यात लेकरू मामाच्या मांडीवर बसल्याबिगर केसाले पहिली कात्री लागत नाही. अन् पिहूचा मामा एकच, निलेश. तो फौजेत, तिकडं बर्फात ड्यूटीवर.

दोनदा तारीख काढली, दोनदा त्याची सुट्टी नामंजूर झाली. इकडं पिहूचे केस वाढून वाढून मानेखाली उतरले. वैशालीनं नुसती टोकंसुद्धा कोणाले कापू देल्ली नाही. तिचे वडील लवकर गेले, मागं उरला हा लहान भाऊ. तिच्या जीवाले एकच लागून राह्यलं होतं, का माह्या लेकीच्या केसाले पहिला हात लागन तं माह्या भावाचाच. त्यासाठी बाई दोन वर्षं थांबली.

अन् या एप्रिलात सुट्टी मंजूर झाली. रविवारचा कार्यक्रम ठरला. महागाववरून माह्या सासरची मंडळी, इकडचे भाऊबंद, शंभरेक माणसं, मांडव, स्वयंपाकी, सारं ठरलं. गुरुवारी सासू-सून एसटीनं यवतमाळले गेल्या, साड्या अन् मामाचा ड्रेस घ्यायले. जाताना वैशाली मले म्हणाली, "पोरीकडं लक्ष ठेवा. बाकी काहीच करू नका."

आता पाहा, किती साफ सांगितलं होतं तिनं. बाकी काहीच करू नका.

मी पिहूले दुकानात घेऊन गेलो. एका मोटरसायकलची ट्यूब पाण्यात बुडवून मी बुडबुडे पाहून राह्यलो होतो. पिहू मागं बसली होती, एकदम चूप. लेकरू चूप झालं का बापानं पयले मागं पाहावं, एवढी अक्कल मले तवा नव्हती. वळून पाहतो तं काय, पॅच चिकटवायचं सोल्युशन पुरं पिहूबाईच्या डोक्यावर! वरून रबराचा एक पॅचही लावलेला, बरोबर मधोमध, हातानं दाबून. कामात सफाई होती, खोटं कायले बोलू.

खोबऱ्याचं तेल लावलं. साबण लावली. मंग हळूच ओढून पाह्यलं, तं पोट्टी अशी किंचाळली का समोरचा पानटपरीवाला धावत आला. घंटाभर मी झटलो, पण ते सोल्युशन माह्याच दुकानातलं, मीच गिऱ्हाइकाले गॅरंटी देतो त्याची. ते काय निघते?

मंग मी विचार केला, एक बट कापून टाकू. फक्त एक. एवढ्या केसात कोणाले समजते?

एक बट कापली. तिथं खड्डा दिसाले लागला. तो लपवाले बाजूचे थोडे कापले. तेवढ्यात पिहूनं मान हलवली, अन् कात्री गेली पार वर. मंग दुसरी बाजू याच्याबरोबर करू म्हणलं. पोट्टी रडून राह्यली, मी गाणं म्हणून राह्यलो, कात्री चालून राह्यली. शेवटी हात थांबवून पाह्यलं तं सोयाबीन सोंगून नेल्यावर वावर दिसते ना, तसं डोकं दिसून राह्यलं होतं. कुठं टक्कल, कुठं खुंट, अन् उजव्या कानामागं एक लांब बट, ती मले दिसलीच नव्हती.

मी तिथंच टायरवर बसलो. अडीच वर्षांचं जावळ, फौजेतला मामा, शंभर माणसं, अन् वैशाली. सगळ्यात जास्त वैशाली.

तुमच्यातला कोणी शहाणा असता तं त्यानं फोन करून सांगून टाकलं असतं. मी शहाणा नव्हतो. मी हुशार होतो.

घरी येऊन हिवाळ्याची लोकरी कानटोपी काढली. कापलेले केस पिशवीत जपून ठेवले होते, जावळ फेकत नाहीत एवढं मले माहीत होतं. त्यातल्या बटा निवडल्या अन् टोपीच्या कडेले आतून, गोल, एकेक करून चिकटवल्या. कशानं? सोल्युशननंच. वाळल्यावर टोपी पिहूच्या डोक्यात घातली. कपाळावर दोन बटा, मागं मानेवर बाकीच्या. देवाशप्पथ, आधीपेक्षा चांगले दिसून राह्यले होते केस. रविवारपर्यंत काहीतरी सुचन, असा माहा हिशेब. पिहूले चॉकलेट देल्लं अन् सांगितलं, टोपी काढायची नाही.

संध्याकाळी दोघी आल्या. बाहेर ऊन असं का डांबर वितळून राह्यलं होतं, अन् पोरगी लोकरीच्या टोपीत. वैशालीनं विचारलं, हे काय?

मी म्हणलं, कान दुखून राह्यला तिचा. हवा लागू द्यायची नाही, डॉक्टरनं सांगितलं.

ती म्हणे, तुम्ही डॉक्टरकडं कवा गेले?

मी म्हणलं, गेलो नाही, डॉक्टरच आलते. त्यांची गाडी पंक्चर झालती. चाक खोलेपर्यंत त्यांनी कान पाह्यला.

पाहा, एका खोट्याले दुसरं खोटं कसं ठिगळासारखं लावत गेलो मी. अन् हे सारं पटलंसुद्धा! मायनं लसूण घालून तेल कोमट केलं अन् टोपीची कड जराशी वर करून पिहूच्या कानात दोन थेंब टाकले. तेवढा वेळ मी टोपीची दुसरी बाजू दाबून उभा. मंग पिहूची आंघोळ मी घालीन, तिले झोपवीन मी, टोपी नीट करीन मी. मायचे डोळेच भरून आले. शेजारणीले सांगून राह्यली, आमचा प्रमोद पाहा किती बदलला, लेकीले खालीच ठेवत नाही.

गंमत म्हणजे कान दुखला का गूळ-शेंगदाणे भेटतात, हे पिहूच्या ध्यानात आलं. शुक्रवारी तिचा दुसराही कान दुखाले लागला. दुपारी गुडघा दुखला. संध्याकाळपर्यंत नाकही दुखून राह्यलं होतं.

वैशाली घाबरली. म्हणाली, "एवढी आजारी पोर, तिच्या डोक्यावर कात्री चालवायची, वरून पाणी टाकायचं, मले नाही जमत. निलूले फोन करते, कार्यक्रम पुढं ढकलू."

तो पोरगा तवा दोन दिवसांच्या रेल्वेत बसलेला, निव्वळ याच्यासाठी. मी घाईघाईनं म्हणलं, नाही नाही, कान बरा हाय आता, कमी झालं सारं.

"बरा हाय? मंग टोपी काढा. घामोळ्या येऊन राह्यल्या तिच्या मानेवर."

आता सांगा, काय करन माणूस? कान दुखते म्हणलं तं जावळ रद्द. कान बरा हाय म्हणलं तं टोपी काढा. माह्याच हातानं विणलेल्या जाळ्यात मीच. मी म्हणलं, कान दिवसा बरा हाय, हवा लागली का दुखते. वैशालीनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पंक्चर झालेल्या ट्यूबकडं पाह्यते.

शनिवारी भर दुपारी निलेश आला. पाठीवर भली मोठी बॅग, दोन दिवसांचा प्रवास, डोळे लाल, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. दारातूनच त्यानं पिहूले उचललं, हवेत फेकलं, झेललं. मी मधात पडेपर्यंत तो म्हणाला, एवढ्या गरमीत माह्या भाचीले कोणी टोपी घातली, अन् त्यानं लाडानं टोपी धरून वर ओढली.

टोपी आली. संगं केसही आले.

आता तुम्ही डोळ्यासमोर आणा. एका हातावर खरडलेल्या डोक्याची भाची, दुसऱ्या हातात केसाची टोपी. सीमेवर उभा राहणारा जवान तो, पण त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. त्याले वाटलं, आपल्याच हातानं पोरीचे केस उपटून आले. मायनं टोपी पाह्यली अन् छाती पिटून घेतली, का कानातलं दुखणं डोक्यात चढलं अन् सारे केस झडले माह्या नातीचे. वैशाली स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे.

पिहूनं मात्र डोक्यावरून मस्त हात फिरवला. गार वाटलं असन तिले. मंग माह्याकडं बोट दाखवून साफ शब्दात म्हणाली, "बाबानं कापले."

मी सारं सांगितलं. सोल्युशन, कात्री, टोपी, डॉक्टरची गाडी. मले वाटलं वैशाली भांडन. भांडली असती तं बरं झालं असतं. ती खाली बसली अन् पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून रडली. म्हणाली, "दोन वर्षं थांबली ना मी. तुमच्याच्यानं तीन दिवस नाही थांबणं झालं?"

खरं सांगतो, मले माहीच लाज वाटली.

निलेशनं पिहूले मांडीवर घेतलं. तिचं डोकं इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. मंग हळूच म्हणाला, "ताई, रडू नको. कानामागं एक अख्खी बट हाय अजून. ती माही."

वैशालीनं डोळे पुसले. भावाले पाणी देल्लं, मायले चहा देल्ला. माह्याशी मात्र एक शब्द नाही. मी कप उचलायले गेलो तं तोही सरकवून घेतला.

रविवारी मांडव भरला. निलेश नवा ड्रेस घालून पाटावर बसला, मांडीवर पिहू. गजाननभाऊ न्हावी आले, त्यांनी पेटी उघडली अन् कात्री काढली. कात्री पाह्यली अन् पोट्टीनं दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले. अशी बोंबलली का मांडव दणाणला. माहीच करणी ती, कात्रीची धास्ती मीच बसवली होती. मामानं समजावलं, आजीनं समजावलं, खुळखुळा वाजवला. ऐकतच नाही. शेवटी हुंदके देत माह्याकडं बोट करून म्हणते, "बाबाचे पयले!"

सारा मांडव हसला. मीही हसलो. मले वाटलं, झाली गंमत. पण बाकीचे हसणं थांबवून माह्याकडं पाहून राह्यले होते. अन् कालपासून पहिल्यांदा वैशाली माह्याशी बोलली.

"बसा."

मी बसलो. गजाननभाऊले डोळ्यानं खुणावलं, का दाखवापुरती एखादी बट घ्या. त्यांनी मान डोलावली, बट घेतली, अन् वैशालीकडं पाह्यलं. ती म्हणाली, "पुरे काढा."

शंभर माणसांसमोर, मामाच्या पुढ्यात, मी मांडी घालून बसलेलो अन् माह्या डोक्यावरून वस्तरा फिरून राह्यला. पाव्हणे मोबाईलवर व्हिडिओ काढून राह्यले. पिहूचं रडणं कवाच बंद झालं होतं, ती टाळ्या पिटून राह्यली होती. माहं झाल्यावर आपणहूनच मान पुढं केली तिनं. निलेशनं कानामागची बट हळूच कापली. वैशालीनं ती पदरात झेलली अन् तिचे डोळे भरून आले. मंग तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं, माह्या चकचकीत डोक्याकडं, अन् इतकी हसली, इतकी हसली का तिले भावाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तवा कुठं माह्या जीवात जीव आला.

आता दिवाळीही होऊन गेली. जावळ काढलं का केस दाट येतात म्हणतात, ते खोटं नाही बरं. पिहूचे असे काळेभोर आले का वैशाली रोज दोन शेंड्या बांधून देते.

माहे? मी सहा महिने वाट पाह्यली. परवा राहावलं नाही, गजाननभाऊच्या दुकानात गेलो अन् विचारलं, का भाऊ, संगंच काढले होते ना दोघांचे, मंग माहे काहून येऊन नाही राह्यले?

त्यांनी माह्या डोक्यावरून हात फिरवला, उजेडात मान वळवून पाह्यली अन् म्हणाले, "प्रमोदभाऊ, तिचं जावळ होतं, ते परत येते. तुमचा तो शेवटचा माल होता."