पाया कोरडा ठेवा

विठ्ठलवाडीला नाल्याकाठी एक जुनं दुमजली घर आहे. जमीन दलदलीची, म्हणून बांधणाऱ्याने खाली लाकडी खुंट ठोकून त्यांवर पाया उभा केला. वर घरमालकीण काकू राहतात, खाली सहा मशिनींवर बायका जीन्स शिवतात. भिंतीला तडा गेला तेव्हा काकूंनी मलाच बोलावलं. इंजिनियर झाल्यावर माझी पहिली पाहणी याच घराची होती, आणि तेव्हापासून काकूंना माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

पायालगत छातीभर खड्डा खणून घेतला आणि मी उतरले. पहिल्या खुंटावर हातोडी मारली. आवाज बद्द आला. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या पावात जावा तसा. डोक्यावर तळमजल्यात मशिनी धडधडत होत्या आणि ती थरथर खुंटावर ठेवलेल्या माझ्या बोटांना कळत होती. मी घाबरले.

"काकू, आधी मशिनी बंद करा!"

दुसरा खुंट तसाच निघाला. तिसऱ्यापाशी बिगाऱ्याने आणखी हातभर खणलं, तेव्हा पाणी लागलं. पाण्याखालचं लाकूड मात्र टणक होतं. पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते टिकतं. पाणी उतरलं की वरचा भाग कुजायला लागतो. हे मी शिकले, पण फार उशिरा.

पाणी उतरवलं कुणी? अंगणातल्या चरात पंप घुरघुरत होता. तो मीच बसवायला लावला होता. "पाया कोरडा ठेवा," असं नव्या नोकरीच्या ऐटीत मी सांगून टाकलं होतं, खाली काय आहे ते खणून न बघता. तेव्हापासून इतकी वर्षं काकूंनी पंप एक दिवसही चुकवला नाही. मला माझाच भयंकर राग आला.

काकू खड्ड्यावर वाकल्या. "काय गो बाय, वाळवी लागलीय का?"

"नाही काकू. कुजलंय. पाणी उपसल्यामुळे. मी सांगितलं तेच चुकलं. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"म्हंजे मी रोज माझ्या हातानंच..."

"माझ्या सांगण्यावरून."

हाका मारून काकूंनी बायकांना बाहेर काढलं, शेवटची बाई रस्त्यावर पोचेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. मग हात देऊन मला वर ओढलं. आता शिव्या खाव्या लागणार, असं मी धरूनच चालले होते.

"पंपाचं बटन तूच बंद कर," त्या म्हणाल्या. "रोज चालू करत आले, बंद कराया माझा हात नाय व्हायाचा."