उपाशीपोटी काढायचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही—आणि तिला मी पोट बिघडल्यापासून साहेबाने झापल्यापर्यंत सगळं सांगत आलोय. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित जमेल. बघू.

आधी दाजींविषयी सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. तिचं लग्न झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पाठराखण करायला म्हणून मला तिच्याबरोबर सासरी धाडलं, माढ्याकडे, आणि मी परत यायलाच तयार होईना. दाजींचा ऊस होता, हंगामात मळ्यातच गुऱ्हाळ लागायचं. थंडीत चुलवणापाशी पाठ शेकत बसायचं आणि दाजींनी ताज्या रसाचा तांब्या पुढे करायचा. “पी की रं, लाजतुस का?” उसाचं कांडं ते गुडघ्यावर कडाडकन मोडायचे आणि दातांनी सोलायचे. पुढे कॉलेजसाठी सोलापूरला आलो, तर माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन खोली शोधत तेच हिंडले. घरमालकाला म्हणाले, “पोरगं गुणाचं हाय, फकस्त भात लई खातंय.” मला इतकी लाज वाटली होती! आज तेच वाक्य आठवून मी एकटाच हसतो.

अशा माणसाच्या घशाखाली भाकरी उतरेना झाली. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. दोघं सोलापुरात माझ्या घरी येऊन राहिले. गावाकडच्या प्रत्येक दुखण्याचा मुक्काम आमच्याकडेच असतो. खरं सांगू? मला त्याचा थोडा तोरा होता. डॉक्टरांशी बोलायचं ते मी, आत आधी जायचं ते मी, बाहेर येऊन सगळ्यांना समजावायचं तेही मीच.

पेट स्कॅन काय असतो हेही मीच समजून घेतलं. आमच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण कंटाळा न करता सांगायच्या. शिरेतून एक औषध देतात, साखरेसारखं, किंचित किरणोत्सर्गी. कॅन्सर साखरेचा हावरा असतो, तो ते जास्त ओढून घेतो आणि फोटोत उजळून दिसतो. म्हणून उपाशीपोटी यायचं. आधी काही गोड पोटात गेलं, तर शरीरातले स्नायू ते औषध ओढून घेतात, गाठीला कमी मिळतं, आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. आदल्या दिवशी अंगमेहनत केली तरी स्नायू असेच उजळतात. हे मला नीट कळलं होतं—एवढं मात्र लक्षात ठेवा.

पहिल्या फोटोत दाजींच्या छातीच्या मधोमध पिवळाजर्द डाग होता. मग केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. दाजी वाळून काटकुळे झाले, पण घास उतरायला लागला. आता दुसरा फोटो काढायचा होता आणि त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. डाग उरला असेल तर ऑपरेशन—अन्ननलिका काढून जठर वर ओढून जोडायचं. डाग गेला असेल तर ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवायची. दाजींना त्या ऑपरेशनची इतकी धास्ती होती की त्याचं नावही ते घ्यायचे नाहीत. “ते फाडाफाडीचं” म्हणायचे.

स्कॅनच्या दिवशी आक्काने साखरेचा डबा सकाळीच कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली होती. “उपाशी न्हे बरं का त्यास्नी,” असं मला दोनदा बजावलं. मी दाजींना स्कूटरवर मागे बसवून निघालो. उन्हाळ्याचे दिवस, सकाळीच ऊन कडकडीत. वाटेत एक रसवंती नुकतीच उघडली होती. चरकाचे घुंगरू वाजले आणि दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पावणं, थांबवा की जरा गाडी. घोटभर.”

मी थांबवली. का थांबवली? कितीतरी महिन्यांनी त्या माणसाने तोंडाने काहीतरी मागितलं होतं. आणि त्यांनी मागावं आणि मी नाही म्हणावं, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. घोटभर म्हणता म्हणता पेला संपला. मी दुसरा सांगितला—त्यांनी मागितला नव्हता, मी सांगितला. एकदाही न अडकता रस खाली गेला. दाजींनी मिशी पुसली आणि माझ्याकडे बघून असे हसले, की मला चुलवणापाशी बसल्यासारखं वाटलं. तुमच्यापासून काय लपवायचं, त्या क्षणी मी फार सुखी होतो.

तुम्ही म्हणाल, एवढंच? रसच पाजला की! एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

सेंटरवर सिस्टरने विचारलं, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का? दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, फक्त पाणी. तिने बोटाला टोचून साखर पाहिली. थोडी वर आहे, पण चालेल, म्हणाली. मला हायसं वाटलं. परत जाऊन आक्काला काय सांगायचं, एवढीच माझ्या डोक्यात चिंता होती. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि बहिणीच्या बोलण्याला भीत होतो.

रिपोर्टच्या दिवशी आक्का आणि दाजी बाहेर बाकावर बसले. मी नेहमीप्रमाणे एकटा आत गेलो. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. छातीतला डाग जवळजवळ दिसेनासा झाला होता. मी आनंदाने काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांच्या कपाळावर आठी आली. खांदे आणि मांड्या का एवढ्या उजळल्यात, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “त्या दिवशी सकाळी काही गोड घेतलं होतं का त्यांनी? घेतलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही. आठवड्याने परत काढू.”

ऐकलंत ना? रागावणार नाही, म्हणाल्या. दार सताड उघडं ठेवलं होतं त्यांनी माझ्यासाठी.

मी म्हणालो, नाही मॅडम, आदल्या दिवशी त्यांनी माझ्या परसातली माती खणली, ऐकतच नाहीत. किती सहज निघालं तोंडातून! दाजींना तेव्हा धड उभंसुद्धा राहवत नव्हतं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घशातून दुर्बीण घालून तपासायला काढलेल्या तुकड्यातही काही निघालं नव्हतं. ऑपरेशन नको, नजर ठेवू, असं ठरलं. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा दाजी लहान पोरासारखे रडले. आक्काने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मीही त्यांच्याबरोबर रडलो. माझं रडणं खोटं नव्हतं—हे कसं समजावू तुम्हाला? तो फोटो खरा आहे, असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्यानंतरचे महिने मात्र फार चांगले गेले. दाजी गावी गेले, पुतणीच्या लग्नात पंक्तीत बसून जेवले, मला फोन करून काय काय खाल्लं ते सांगायचे. शेंगांची चटणी, हुरडा, अंबाडीची भाजी. मी सुट्टी काढून गेलो की आम्ही बांधावर बसायचो आणि ते जुन्या गोष्टी काढायचे. मी पाठराखणीला आलो आणि पहिल्या रात्री अंथरूण ओलं केलं, ही गोष्ट तर सगळ्या गावाला सांगून झाली होती. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. ते मला मिळायला नको होते, असंही वाटतं.

थंडी सरता सरता पुन्हा घास अडकला. यावेळी फोटोत यकृतही उजळलं होतं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

त्या दिवशी आक्काही आत आली होती. मॅडमनी जुना फोटो परत काढून बराच वेळ पाहिला. मग आक्काचा हात हातात घेतला. म्हणाल्या, “मावशी, मला तेव्हाच शंका आली होती. मी परत काढायला लावायला हवा होता. माझं चुकलं.” त्यांचे डोळे भरले होते. कुठला डॉक्टर असं बोलतो हो? आणि मी कुठे होतो? त्याच खोलीत, दाराला टेकून, हातात दाजींची पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

रस पाजला नसता तर दाजी वाचले असते का? ते मला ठाऊक नाही. विचारायला मी कुणाकडे गेलेलो नाही.

दाजी गेले. जाताना आक्काला म्हणाले, पावण्यांनी लई केलं माझ्यासाठी.

मागच्या महिन्यात मी आक्काकडे गेलो होतो. शेजारचा एक जण घरी आला. त्याच्या आईला घास अडकायला लागलाय, सोलापूरला कुणाला दाखवावं, असं विचारत होता. मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, “त्या बाईकडं तेवडं न्हिऊ नगं. तिनं माजा मालक घालवला. सोताच्या तोंडानं कबूल झाली ती.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “खरं हाय का, मामा? तुमी तितं हुता की.”

मी म्हणालो, “व्हय.”