फॉर्मवरचा रनर

आमच्या गावच्या पाच किलोमीटरच्या दौडीच्या फॉर्मवर मी 'जॉगर' सोडून 'रनर'वर खूण केली. वय अठ्ठावन्न आणि सराव म्हणाल तर काहीच नाही. पण जॉगर म्हटलं की मला बागेत गप्पा मारत डुलणारे पेन्शनर दिसतात, आणि रनर म्हटलं की वारा. आपल्याकडे कुत्रा मागे लागलेलाही पळतो आणि शर्यत जिंकणाराही पळतोच. इंग्रजी मात्र आधी वेग विचारते. मी वेगाचा विचार न करता नुसता शब्द उचलला.

त्यामुळे मला पहिल्या रांगेत उभं केलं. शिट्टी झाली आणि दोन मिनिटांत सगळे रनर दिसेनासे झाले. मग मागून जॉगर आले, तेही पुढे गेले. पाणी देणारी एक मुलगी म्हणाली, "काका, मागून टेम्पो येतोय, त्यात बसा." बसलो असतो तर तो शब्द कायमचा गेला असता. नाही बसलो. पोटात कळ आली, पायात गोळे आले, पण एकदाही चाललो नाही. शेवटची कमान उतरवायला घेतली होती, तिच्याखालून मी पळतच गेलो. हात आपोआप वर झाले. त्या क्षणी मी कुठल्याही भाषेत रनरच होतो.

कमानीपाशी ताटकळलेली बायको म्हणाली, "हात खाली घ्या. लोकांना वाटतंय, मदत मागताय."