सीटवरची चादर

रविवारी सकाळी आमचे हे गाडीची चारही दारं उघडी टाकून आत शिरतात, आणि मी चहाचा कप घेऊन गॅलरीतून बघत राहते. आधी लेदरच्या सीटा ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या, मग कोरड्याने. शिवणीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढायची. मग बाटलीतलं दुधासारखं लोशन बोटांवर घेऊन गोल गोल जिरवायचं. लेक तान्ही असताना तिला तेल लावायचे ते अगदी असंच, जीभ दातांत धरून. कोरडं पडलेलं चामडं बघता बघता तुकतुकीत होतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर त्यावर सोलापुरी चादर येते. उन्हाने तडे जायला नकोत, म्हणून!

आमच्या घरात सगळ्याच चांगल्या वस्तूंचं असं आहे. काचेचे कप पाहुण्यांसाठी, भरतकामाचे अभ्रे पाहुण्यांसाठी. पाहुणे मात्र हल्ली फोनवरच भेटतात. या सीटांचा स्पर्श कसा आहे, हे तरी मला कुठे ठाऊक होतं?

आज मी खाली उतरले. हे चादर झटकत होते.

“राहू द्या ना आज.”

“का? कुणी येणार आहे का?”

मी पुढच्या सीटवर ऐसपैस टेकून बसले. गार, मऊ, जरासं चिकट.

“आले ना,” मी म्हटलं.

“अगं, वाळलं नाहीये अजून!” हे ओरडले. पण चादर घडी होऊन डिकीत गेली.