दार्सोनोंच्या फोटोवरच्या चुण्या

आमच्या सोलो शहरात कुणाला चुरगळलेला कागद हवा असला की ते पाक तुग्योनोंकडे येतात. पाक म्हणजे आमच्याकडे काका, बू म्हणजे काकू. कागद म्हणजे संगणकातला. लग्नपत्रिका जुन्या पत्रासारखी दिसावी असा हल्लीच्या पोरांचा हट्ट. मग पाक खरा कागद मुठीत चुरगळतात, उलगडतात, स्कॅन करतात आणि त्या चुण्या पत्रिकेवर चढवतात. अक्षरंही चुणीबरोबर वाकवतात. "अक्षर सरळ राहिलं की चोरी पकडली," हे त्यांचं ब्रह्मवाक्य मी शेजारी बसून, पुस्तिकांना पिना मारत, अकरा वर्षं ऐकते आहे. कान किटले माझे.

माणूस गेल्याच्या शंभराव्या दिवशी प्रार्थनेला येणाऱ्यांना आमच्याकडे पुस्तिका वाटतात. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो. लोक डागाळलेले, मोडलेले फोटो आणतात, पाक ते नीट करतात. बू पार्तिनी मात्र नवऱ्याचा, दार्सोनोंचा, कोरा करकरीत फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याला चुरगळा."

पाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिनांकडे.

"बू, साफ करायचाय ना?"

"तुमचे कान साफ करा आधी. चुरगळा म्हटलं!"

लग्न नवं असताना भांडणात त्यांनी हाच फोटो बोळा करून फेकला होता. दार्सोनोंनी तो उचलून पाकिटात ठेवला आणि सत्तावीस वर्षं गावभर मिरवला. 'बायकोनं काढलेली नक्षी!' मग एके दिवशी नदीत होडी उलटली. दार्सोनो सापडले, पाकीट नाही. घरात दुसरी प्रत होती, ती ही.

"गुरुवारी शंभरावा दिवस," बू म्हणाल्या. "हा गुळगुळीत माणूस वाटू मी लोकांना? हा माझा नाहीच."

पाकांनी साठवलेल्या चुण्या एकेक करून चढवल्या. सावल्या गडद केल्या, गाल चुणीबरोबर वाकवला. मला तर खराच वाटला.

"ही चुणी माझी नाही," बू म्हणाल्या. " माझी डाव्या कानावरून जायची."

कानावरून नेली. "तिरकी." तिरकी केली. "छे, दुसऱ्याच कुणाच्या हातची आहे ही." पाकांचं डोकं चक्रावलं. कुणाच्या हातची म्हणजे काय, ते मलाही कळेना.

शेवटी त्यांनी फोटोची नवी प्रत काढून बूंच्या हातात दिली. "तुम्हीच चुरगळा. मी स्कॅन करतो."

बूंनी फोटो तळव्यावर घेतला. बोटं मिटेनात.

"रागच येत नाही हो आता," त्या पुटपुटल्या.

पाक गोंधळून म्हणाले, "तेव्हा कशावरून आला होता?"

"कशावरून काय! न सांगता वायांगच्या सावली-बाहुल्यांचा खेळ बघायला गेले, रात्रभर. मी जेवण घेऊन बसलेली. म्हणाले, सांगायचं राहिलं." त्या फोटोकडे बघू लागल्या. "दर वेळी तेच! नदीला पाणी चढलंय, जाऊ नका म्हटलं होतं ना? म्हणे, आलोच! हे येणं तुमचं? सांगून तरी जायचंत, मेल्या माणसा!"

मूठ गच्च मिटली. मी पिन मारायची थांबले.

बऱ्याच वेळानं त्यांनी बोळा उलगडून मांडीवर सपाट केला. चुणी कानाला शिवलीही नव्हती, हनुवटीवरून सरळ खाली गेली होती. पाक घाईघाईनं म्हणाले, "थांबा बू, मी कानावर नेतो."

"हात लावू नका," बू म्हणाल्या. "हीच."